मुंगीला ‘आपलं’ कोण हे कसं कळतं?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? बरं, सुरुवात करते.

तुमच्यापैकी ज्यांनी जुनी घरं पाहिली आहेत त्यांना दुभत्याचं कपाट आठवत असेल. जाळीची दारं, आत दूध, दही, लोणी, आणि कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. कपाट नसेल तर साखरेचा डबा पाण्याच्या परातीत उभा. मुंगीला लांबून वास येतो आणि पाणी ओलांडता येत नाही, या दोन गोष्टी आपल्या आज्यांना कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. ही पाण्याची युक्ती लक्षात ठेवा, पुढे एका इंग्रज बँकरच्या घरात ती पुन्हा दिसणार आहे.

पण साखरेचा वास येणं वेगळं आणि वासावर अख्खा समाज चालणं वेगळं. एका वारुळातली मुंगी उचलून त्याच जातीच्या दुसऱ्या वारुळाच्या तोंडाशी ठेवून पाहा. रंग तोच, आकार तोच, आपल्याला भिंग लावूनही फरक दिसणार नाही. तिथल्या मुंग्या मात्र जवळ येतात, मिशा लावतात आणि बहुतेक वेळा तिला पायाला धरून ओढायला लागतात. वारुळात हजारो मुंग्या असतात, आत मिट्ट काळोख असतो, कुणाला नाव नाही, चेहरा नाही. मग ही परकी आहे हे कळलं कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसांना जवळजवळ दोनशे वर्षं लागली. त्या दोनशे वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

गोष्ट जिनिव्हात सुरू होते. अठराव्या शतकात तिथे शार्ल बॉने नावाचा निसर्गअभ्यासक होता. हा वकिलीचं शिक्षण घेतलेला माणूस, पण जीव किड्यांत अडकलेला. त्यानं मुंग्यांच्या रांगेवरून आडवं बोट फिरवलं. एवढंच. कुठलं उपकरण नाही, काही नाही. दोन्ही बाजूंच्या मुंग्या त्या अदृश्य रेषेपाशी येऊन थबकल्या, चाचपडल्या, काही मागे फिरल्या. मग एखादी धीट मुंगी पलीकडे गेली, तिच्यामागून दुसरी, आणि थोड्या वेळानं रांग पूर्ववत. म्हणजे वाट जमिनीवर कशानं तरी ‘लिहिलेली’ होती आणि बोटानं ती पुसली गेली होती. हा प्रयोग आज घरी गेल्यावर ओट्यावर करून बघा, अजूनही तसाच होतो.

बॉनेच्याच गावात पुढे प्येर ह्यूबर झाला. त्याचे वडील फ्रांस्वा ह्यूबर हे मधमाश्यांचे मोठे अभ्यासक, आणि ते आंधळे होते. नोकर बघायचा, सांगायचा, ते प्रश्न विचारायचे. ज्या घरात बघण्याचं काम असं शब्दांतून होत होतं, त्या घरातल्या मुलाला मुंग्यांच्या मिशांमध्ये ‘भाषा’ दिसावी यात मला फारसं नवल वाटत नाही. मिशा म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या शृंगिका. १८१० साली त्यानं स्वित्झर्लंडच्या मुंग्यांवर पुस्तक लिहिलं. दोन मुंग्या भेटल्या की शृंगिका एकमेकींवर आपटतात, त्याला त्यानं शृंगिकांची भाषा म्हटलं. एका वारुळातून वेगळ्या केलेल्या मुंग्या चार महिन्यांनी पुन्हा भेटल्या तेव्हा त्यांनी एकमेकींना ओळखलं आणि कुरवाळलं, अशीही त्याची नोंद आहे. ही नोंद पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येकाला छळत राहिली. चार महिने! एवढ्या जणींपैकी एकेकीची आठवण मुंगी ठेवते की काय?

आता आपला बँकर. सर जॉन लबक. इंग्लंडमधल्या डाउन गावात तो लहानाचा मोठा झाला आणि तो आठ वर्षांचा असताना शेजारी राहायला आला चार्ल्स डार्विन. शेजार लाभावा तर असा. लबक बँक चालवायचा, पार्लमेंटचा सभासद होता, आणि १८७१ मध्ये बँकांना सुट्ट्या देणारा कायदा त्यानंच मंजूर करून घेतला. उरलेल्या वेळात तो काचेच्या दोन तुकड्यांमध्ये माती भरून मुंग्या पाळायचा. मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन एकेकीचा हिशेब ठेवायचा. आणि घरटं बाहेर सांडू नये म्हणून भोवती पाण्याचा खंदक. आपलं दुभत्याचं कपाट, फक्त उलटं: आपण मुंग्यांना बाहेर ठेवत होतो, तो आत.

लबकच्या काळात एक कल्पना बोलली जायची की सैनिकांच्या छावणीत असतो तसा प्रत्येक वारुळाचा एक परवलीचा शब्द असावा. मुंगी तो शृंगिकांनी ‘सांगते’ आणि आत घेतली जाते. लबकनं विचार केला, की मुंगी शब्द सांगण्याच्या स्थितीतच नसेल तर? त्यानं आधी क्लोरोफॉर्म देऊन पाहिलं. मुंग्यांनी सरळ त्यांना मेलेलं मानलं आणि आपल्या काय, परक्या काय, पाण्यात नेऊन टाकलं. मग त्यानं दारूचा मार्ग धरला. अडचण अशी की कुठलीच मुंगी आपणहून दारू प्यायला तयार होईना. तेव्हा त्यानं त्यांना क्षणभर व्हिस्कीत बुडवून काढलं. (हशा.) काही त्याच वारुळातल्या, काही दुसऱ्या. शुद्धीवर असलेल्या मुंग्या या झिंगलेल्यांपाशी आल्या, चक्रावल्या. शेवटी त्यांनी आपल्यांपैकी बहुतेकींना उचलून घरात नेलं आणि परक्यांपैकी बहुतेकींना खंदकात टाकलं. थोड्या चुका झाल्या, पण कल स्पष्ट होता. ज्यांना उभंही राहता येत नाही त्यांनी परवलीचा शब्द सांगितला असणं शक्य नव्हतं. ओळख मुंगी ‘देत’ नाही, ती तिच्या अंगावर असते, हे या प्रयोगातून निघालं.

लबकचा आणखी एक प्रयोग मला व्हिस्कीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, जरी सांगितला जातो तो व्हिस्कीचाच. त्यानं एका वारुळातले कोष काढून दुसऱ्या वारुळातल्या मुंग्यांकडे वाढवायला दिले. मुंग्या कोषातून बाहेर आल्या, मोठ्या झाल्या. मग त्यांना जन्मघरी सोडलं. जन्मघरानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तिथे त्या स्वीकारल्या गेल्या. सांभाळणाऱ्या दाईंच्या वारुळात सोडलेल्यांपैकी काहींवर मात्र हल्ले झाले. यावरून वाटेल की रक्ताचं नातं खरं, सांभाळण्याला किंमत नाही. थांबा, एवढ्यात निष्कर्ष काढू नका. हा खटला पुढे एका बाईंनी फिरवला.

त्याआधी ऑग्युस्त फोरेल. हाही स्विस. लहानपणी ह्यूबरचं पुस्तक वाचून मुंग्यांच्या नादी लागला, व्यवसायानं मनोविकारतज्ज्ञ झाला, झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचा प्रमुख. स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर एके काळी त्याचं चित्र होतं आणि मागच्या बाजूला मुंग्या. १८७४ साली, ऐन पंचविशीत, त्याचा स्विस मुंग्यांवरचा ग्रंथ आला. त्यानं वेगवेगळ्या जातींच्या मुंग्या घेतल्या, एरवी समोरासमोर आल्या तर मरेपर्यंत भांडणाऱ्या, आणि त्यांच्या शृंगिका कापून टाकल्या. मग सगळ्यांना एकत्र सोडलं. कुणी कुणावर तुटून पडलं नाही. एकमेकींना चाटत, एकमेकींवर रचून त्या बसून राहिल्या. डोळे शाबूत होते, जबडे शाबूत होते, फक्त वैर गेलं होतं. त्याच सुमारास फिलाडेल्फियात हेन्री मकूक नावाच्या पाद्र्यानं लढणाऱ्या मुंग्यांच्या बरणीत अत्तरात भिजवलेला कागदाचा बोळा टाकला, आणि लढाई थांबली. दोन्हीचा अर्थ एकच: शत्रू नाकानं ओळखला जातो, आणि मुंगीचं नाक तिच्या शृंगिकांत आहे.

फोरेलचा आपल्याशीही संबंध आहे. मुंबई इलाख्यात रॉटन नावाचा एक वन अधिकारी होता, तो जंगलात हिंडताना मुंग्या गोळा करायचा आणि फोरेलकडे पाठवायचा. त्यांतून फोरेलनं हिंदुस्थान आणि सिलोनच्या मुंग्यांवर जी लेखमाला लिहिली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हप्त्याहप्त्यानं छापून आली, फ्रेंचमध्ये. रॉटननं स्वतः त्याच नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली १८९२ मध्ये इंग्रजीत लिहिलं. जुने अंक चाळायची ज्यांना सवय आहे त्यांनी तो लेख जरूर बघावा.

फोरेलबद्दल एक गोष्ट झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही. हा माणूस युद्धविरोधी होता, दारूबंदीचा कार्यकर्ता होता, आणि त्याच दमात सुप्रजननवादी होता. ‘निकृष्ट’ ठरवलेल्या माणसांना मुलं होऊ नयेत असं त्याचं मत होतं, मनोरुग्णांच्या वंध्यीकरणाचा तो पुरस्कार करत होता. मुंग्यांमधलं परकेपण कात्रीच्या एका कापानं जातं हे ज्यानं पाहिलं, त्याला माणसांमधली प्रतवारी मात्र जन्मजात आणि पक्की वाटत होती. मुंग्यांकडून माणसांसाठी धडे काढणाऱ्यांविषयी मी जरा सावध असते, त्याचं एक कारण फोरेल आहे.

शतक संपता संपता याच प्रश्नावर मोठी खडाजंगी झाली. १८९८ मध्ये आल्ब्रेख्ट बेटे या तरुण जर्मन शरीरशास्त्रज्ञानं जाहीर केलं की मुंगीला मन वगैरे काही नाही, ती वासाला प्रतिसाद देणारं यंत्र आहे. (नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेटे यांचे हे वडील.) त्यानं मुंग्यांना धुऊन काढलं, दुसऱ्या मुंग्या चिरडून त्यांच्या रसात बुडवलं, आणि असं नोंदवलं की अंगावरचा रस बदलला की वागणूकही बदलते. शिकणं नाही, आठवण नाही. फोरेल आणि जेझुइट पाद्री एरिक वासमान, जे एरवी एकमेकांच्या विचारांचे कट्टर विरोधक, ते दोघं बेटेवर तुटून पडले. फोरेलचं म्हणणं, मुंगी वासाचा आकारही ओळखते. शृंगिका हलत्या असल्यामुळे वास कुठून, कसा, किती लांब हे तिला कळतं, आणि ते ती लक्षात ठेवते. वादात आवेश पुष्कळ होता. पुरावा आणला तो अ‍ॅडेल फील्ड यांनी.

या बाईंचं आयुष्यच एक व्याख्यान आहे, पण थोडक्यात सांगते. अमेरिकेत १८३९ चा जन्म. मिशनरी असलेल्या वाग्दत्त वराशी लग्न करायला जहाजानं आशियात आल्या, आणि पोहोचल्यावर कळलं की तो आधीच वारला आहे. त्या परत गेल्या नाहीत, स्वतःच मिशनरी झाल्या. चीनमधल्या स्वाटौ भागात अनेक वर्षं काढली, तिथल्या बोलीचा कोश केला, स्थानिक स्त्रियांना शिकवून धर्मप्रचाराच्या कामाला लावलं. मग मायदेशी परतल्यावर, साठीच्या घरात, वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत जाऊन मुंग्यांवर संशोधन सुरू केलं. त्यांनी बनवलेली काचेची सुटसुटीत घरटी पुढे बऱ्याच जणांनी वापरली.

फील्ड यांनी काय केलं? कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, काही तासांच्याच मुंग्या घेतल्या. वेगवेगळ्या जातींच्या, अगदी लांबच्या कुळांतल्या. आणि त्यांना एकत्र ठेवलं. शृंगिका शाबूत. त्या एकत्र वाढल्या आणि शांतपणे एकत्र राहिल्या. मोठ्या झालेल्या अशाच मुंग्या एकत्र आणल्या असत्या तर रक्तपात ठरलेला. म्हणजे ‘आपलं’ काय ते मुंगी जन्मतः घेऊन येत नाही. पहिल्या काही तासांत, काही दिवसांत जो वास भोवती असतो तो तिचा होतो, आणि तो लक्षात राहतो. यंत्रवादी बेटेला हे उत्तर होतं.

आणि लबकच्या कोषांचं काय? मुंगीच्या अंगाला स्वतःचा, वंशातून आलेलाही वास असतो. म्हणून तिला जन्मघर ओळखू शकतं. पण दुसरी कोण हे ओळखण्याची तिची मोजपट्टी शिकलेली असते. अंगावरचा वास आणि मनातला वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा बारकावा तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आला. फील्ड यांचं सगळंच टिकलं असं नाही. शृंगिकेचा अमुक पेर अमुक वासासाठी, असा त्यांनी मांडलेला नकाशा पुढे कुणाला सिद्ध करता आला नाही. मिश्र घरट्यांचा प्रयोग मात्र पक्का ठरला.

पुढची पन्नासेक वर्षं मी पटकन ओलांडते. सगळे ‘वास’ म्हणत होते, पण वास म्हणजे नेमका कुठला पदार्थ हे सांगायला रसायनशास्त्र अजून तयार नव्हतं. १९५९ मध्ये अ‍ॅडॉल्फ बुटेनांट यांच्या गटानं रेशमाच्या पाच लाखांच्या आसपास माद्या खर्ची घालून एक वास-संदेश शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याच वर्षी ‘फेरोमोन’ हा शब्द आला. अंगातल्या अंगात निरोप नेतं ते हॉर्मोन, एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेतं ते फेरोमोन.

नेमक्या याच वेळी हार्वर्डमध्ये एडवर्ड विल्सन अग्निमुंग्यांच्या पोटातल्या ग्रंथी सुईच्या टोकावर काढत बसला होता. अलाबामाचा मुलगा. लहानपणी मासे धरताना माशाचा काटा लागून उजवा डोळा गेलेला, म्हणून जे बोटांच्या चिमटीत धरून डाव्या डोळ्याजवळ नेता येतं त्याचा अभ्यास करायचा, असं त्यानं ठरवलं. एकेक ग्रंथी चिरडून काचेवर रेघ ओढायची आणि बघायचं. आतड्याचा रस: काही नाही. विषग्रंथी: काही नाही. मग ड्युफूरची ग्रंथी, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. त्या रेघेवरून मुंग्या घरट्यातून लोटल्या, रेघ संपेपर्यंत धावल्या आणि तिथे गोंधळून घोटाळत राहिल्या. बॉनेनं बोटानं जे पुसलं होतं ते विल्सननं हातानं लिहून दाखवलं.

त्याचा त्याआधीचा, १९५८ चा, प्रयोग जास्त अस्वस्थ करणारा आहे. मुंगी मेली की दोन-तीन दिवसांनी इतर मुंग्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात. लगेच नाही. मरताक्षणी ती त्यांच्या लेखी ‘मेलेली’ नसते, कुजण्याचा वास आल्यावर होते. विल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो वास शोधला, तो मुख्यतः ओलेइक आम्लाचा निघाला. आपल्या शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं तेच. त्याचा थेंब त्यांनी जिवंत मुंगीला लावला. इतर मुंग्यांनी तिला उचललं आणि ती पाय झाडत असताना ढिगावर नेऊन टाकलं. ती उठून घरी आली. पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. स्वतःला चाटून स्वच्छ करेपर्यंत ती मेलेलीच होती. तिच्या हालचालीला कुणी पुरावा मानलं नाही. बेटे हे वाचून खूश झाला असता, हे मान्य करावं लागेल.

मग वारुळाचा वास कुठला? तो मुंगीच्या अंगावरच्या मेणात असतो. ऊन-वाऱ्यात अंग सुकू नये म्हणून किड्यांच्या कातडीवर हायड्रोकार्बनांचा पातळ थर असतो. कुठला हायड्रोकार्बन किती, याचं प्रमाण प्रत्येक वारुळाचं निराळं. आणि ते एकटीचं राहत नाही. मुंग्या सतत एकमेकींना चाटतात, तोंडाला तोंड लावून अन्न देतात, डोक्यातल्या एका ग्रंथीत हे मेण साठतं, मिसळतं, पुन्हा अंगावर पसरतं. सगळ्यांच्या ताटातलं थोडं थोडं कालवून केलेला काला म्हणा. मुंगीला काही दिवस वेगळं ठेवा, आहार बदला, तिचा वास वारुळापासून सरकतो. हे मेण सहजी उडत नाही, त्यामुळे लांबून कळत नाही, शृंगिका अगदी जवळ न्यावी लागते. ह्यूबरला जे बोलणं वाटलं ते बरंचसं वाचणं होतं.

शेवटचा टप्पा आपल्याकडच्या एका मुंगीचा. दक्षिण भारतात, सह्याद्रीच्या जंगलांत, मोठ्या डोळ्यांची, लांब जबड्यांची, उडी मारणारी एक मुंगी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर टॉमस जर्डन यानं १८५१ मध्ये तिचं वर्णन केलं, नाव ‘हार्पेग्नाथोस साल्टेटर’. हिच्यात राणी मेली की कामकरी मुंग्या आठवडेच्या आठवडे शृंगिकांनी द्वंद्व खेळतात आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. प्रयोगशाळेला ही मोठीच सोय. बहुतेक मुंग्यांत फक्त राणीला संतती होते, त्यामुळे जनुक बदलून पिढी चालवणं अवघड. इथे साध्या कामकरीपासून वंश सुरू करता येतो. २०१७ मध्ये या मुंगीत, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका गटानं राणीच नसलेल्या, स्वतःच्या प्रती काढणाऱ्या एका मुंगीत, एकच जनुक बंद केलं. मुंगीच्या साडेतीनशेहून अधिक गंधग्राहकांना काम करायला त्या एका जनुकाची जोड लागते. ते गेलं की त्यांच्यापुरतं नाक गेलं.

या मुंग्या कशा वागल्या? वाटेवरून चालल्या नाहीत. घोळक्यात थांबल्या नाहीत. घरट्याबाहेर निघून भटकत राहिल्या. साल्टेटरच्या मुंग्यांनी शिकार नीट केली नाही, अंडी कमी घातली, पिलांची आबाळ केली. भांडल्याही नाहीत. इथे मला फोरेलचा तो शृंगिका कापलेल्या मुंग्यांचा ढीग आठवतो. तो प्रयोग नेहमी ‘वैर गेलं’ म्हणून सांगितला जातो, मीही मघाशी तसाच सांगितला. पण अशा मुंगीला अन्न सापडत नाही, पिलं सांभाळता येत नाहीत, हे फोरेललाही दिसलं होतं. परकं ओळखणारं आणि आपलं ओळखणारं नाक एकच होतं. एक काढून दुसरं ठेवायची सोय नव्हती.

एक शास्त्रीय सावधगिरी सांगायची राहिली. या मुंग्यांत फक्त वास गेला असंही म्हणता येत नाही. मेंदूत वासाचे धागे ज्या गुठळ्यांत येऊन मिळतात त्या एरवी पाचशेच्या आसपास असतात. राणी नसलेल्या जातीच्या बदललेल्या मुंग्यांत त्या नव्वदच्या आसपासच उरल्या. फळमाशीत हेच जनुक बंद केलं तर माशीला वास येत नाही, पण मेंदूची घडण बहुतांशी शाबूत राहते. मुंगीत मात्र मेंदूच अर्धवट घडला. तेव्हा ती भटकते ती वास येत नाही म्हणून, की वासाशिवाय तिचा मेंदू मुंगीचा झालाच नाही म्हणून, हा वाद मिटलेला नाही.

माझं बोलणं इथे थांबवते. प्रश्न असतील तर माइक फिरवूया.